घरचा प्रश्न सोबत नेलेला विद्यार्थी: कोलंबिया, १९१३ ते १९१६

४ जून १९१३ रोजी बडोदा संस्थानात एका करारावर सही झाली. संस्थानाने तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड द्यायचे, विद्यार्थ्याने अमेरिकेत जाऊन ठरलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची चाकरी करायची. सही करणारे भीमराव रामजी आंबेडकर तेव्हा बावीस वर्षांचे होते. चारच महिन्यांपूर्वी, २ फेब्रुवारीला, वडील सुभेदार रामजी वारले होते. घरी, परळच्या चाळीत, रमाबाई आणि सहा महिन्यांचा यशवंत. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात भीमराव न्यूयॉर्कला उतरले.

परदेशी शिकून विद्यार्थी घडतो, असं आपण सहज म्हणून जातो. आत्मविश्वास येतो, जग कळतं, ओळखी होतात. हे खोटं नाही, पण त्याने काही उलगडतही नाही. नेमकं काय घडतं, कशामुळे घडतं आणि परत आल्यावर त्याचं काय होतं, हे पाहायचं तर एकाच माणसाच्या मागोमाग चालावं लागतं. बाबासाहेबांची कोलंबिया विद्यापीठातली वर्षं मी त्यासाठी घेतली. त्या वर्षांच्या बारीक नोंदी उपलब्ध आहेत, आणि तरीही आपल्या भाषणांत, जयंतीच्या फलकांवर ती वर्षं पदव्यांच्या एका ओळीत आटोपतात. कोलंबियाने त्यांना जे सगळ्यात मोठं दिलं ते त्या ओळीत येतच नाही, असं मला वाटतं.

जाताना काय नेलं

साताऱ्याच्या शाळेत बसायला घरून आणलेलं गोणपाट. तहान लागली तर शिपायाने वरून ओतलेलं पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी तहान तशीच. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलला आल्यावर संस्कृत शिकायची इच्छा होती, ते शिकू दिलं गेलं नाही, म्हणून फारसी घ्यावी लागली. १९०७ साली मॅट्रिक, मग सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची मदत आणि एल्फिन्स्टन कॉलेज.

फारसीची ही गोष्ट मला पाण्याच्या गोष्टीइतकीच महत्त्वाची वाटते. पाणी नाकारणं डोळ्यांना दिसतं, अंगाला लागतं. विषय नाकारणं त्या मानाने शांतपणे होतं, कागदावर होतं, पण त्यातून मुलाला एक गोष्ट पक्की कळते: कोणतं ज्ञान तुझं आणि कोणतं नाही हे दुसरं कोणी ठरवणार. न्यूयॉर्कमध्ये काय बदललं हे समजून घ्यायला ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

पहिले महिने

सुरुवात काही फार तेजस्वी नव्हती. पहिले काही दिवस ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथल्या जेवणात गोमांस असे, ते रुचेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले, तिथे काही भारतीय विद्यार्थी राहत. शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये खोली मिळाली आणि तिथे नवल भथेना हे पारशी मित्र सोबतीला आले. ही मैत्री आयुष्यभर टिकली. पहिल्या काही महिन्यांत नाटकं पाहणं, बॅडमिंटन, बर्फावर स्केटिंग असंही चाललं होतं. मग एक दिवस आपण इथे कशासाठी आलो आणि घरच्यांनी त्यासाठी काय सोसलं आहे, याची टोचणी लागली आणि अभ्यास सुरू झाला तो दिवसाचे अठरा तास.

हे तपशील मी मुद्दाम सांगतो. गेल्या गेल्या आपण हुशार ठरलो नाही म्हणून खचलेली मुलं मी पाहिली आहेत. जेवण जमत नाही, खोली बदलावी लागते, पहिलं सत्र हातातून निसटल्यासारखं वाटतं. हे सगळं बाबासाहेबांच्याही वाट्याला आलं होतं.

पण त्याच पहिल्या दिवसांतली आणखी एक गोष्ट आहे. ४ ऑगस्ट १९१३ रोजी, म्हणजे उतरून पुरते तीन आठवडेही झाले नसतील, त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यांना पत्र लिहिलं. आईबाप मुलाला जन्म देतात, कर्म देत नाहीत, ही समजूत आता सोडून द्या, असं त्यात आहे. आईबाप मुलांचं नशीब घडवू शकतात, आणि मुलांच्या शिक्षणाबरोबर मुलींचंही शिक्षण झालं तर आपली प्रगती किती तरी वेगाने होईल, असं त्यात म्हटलं आहे. तीन आठवड्यांत माणूस बदलत नाही. हे विचार बोटीवरून सोबत आलेलेच असणार. पण मुंबईत ते असे ठाम शब्दांत, वडीलधाऱ्या माणसाला, कागदावर लिहिले गेले असते का? मला शंका आहे. घरापासूनचं अंतर पहिल्यांदा उपयोगी पडतं ते असं. रोजच्या रोज ज्याच्याशी झटापट चालते, ते लांबून पाहिलं की त्याचा आकार दिसू लागतो.

साठ अभ्यासक्रम

तीन वर्षांत त्यांनी काय काय शिकून घेतलं त्याचा हिशेब उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. बेरीज साठ. संस्कृत नाकारलेला मुलगा आता समोर येईल त्या वर्गात जाऊन बसत होता, आणि दारात त्याला कोणी अडवत नव्हतं.

वरवर पाहता हा पसारा आहे. आजचा कोणताही सल्लागार म्हणेल की लक्ष एका ठिकाणी ठेवा. पण शिक्षकांची नावं पाहिली की या पसाऱ्यामागचं सूत्र दिसतं. सार्वजनिक वित्त शिकवायला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई, इतिहासाला जेम्स हार्वे रॉबिन्सन आणि जेम्स शॉटवेल, मानववंशशास्त्राला अलेक्झांडर गोल्डनवायझर. समाज कशाने बांधला जातो आणि कशाने फुटतो, पैसा कोणाकडून येतो आणि कोणावर खर्च होतो, रूढी कुठून सुरू होते: प्रत्येक वर्गातून त्या एकाच घरच्या प्रश्नाला एकेक वाट फुटत होती. संशोधनाची पद्धत कोणती वापरू, असं त्यांनी सेलिग्मनना विचारलं होतं. मन लावून काम करत राहा, तुमची पद्धत तुम्हालाच सापडेल, असं उत्तर मिळालं. ज्याला आजवर प्रत्येक पायरीवर त्याची जागा दाखवण्यात आली होती, त्याला हे उत्तर कसं वाटलं असेल?

लाला लजपतराय त्या काळात न्यूयॉर्कमध्ये होते आणि तिथल्या भारतीय विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याच्या चळवळीत ओढू पाहत होते. भीमरावांनी नकार दिला. महाराजांच्या पैशावर शिकायला आलो आहे, आधी ते पुरं करतो, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे ज्यांनी महाड आणि काळाराम मंदिराचे लढे उभारले, त्यांनी तीन वर्षं राजकारण बाजूला ठेवलं होतं. शिष्यवृत्तीची मुदत डोक्यावर होती आणि पुस्तकं संपत नव्हती. जुनी पुस्तकं शोधून विकत घ्यायचा नाद तिथेच लागला; तीन वर्षांत सुमारे दोन हजार जमली असं सांगतात.

१९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्त या विषयावरचा प्रबंध देऊन एम.ए. पूर्ण झालं.

९ मे १९१६

आता या प्रकरणाच्या गाभ्याशी येऊ. गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये ९ मे १९१६ रोजी भीमरावांनी एक निबंध वाचला. विषय: भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. वाचणारा पंचवीस वर्षांचा. पुढच्या वर्षी, मे १९१७ मध्ये, तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला.

त्यात मांडलेलं थोडक्यात असं. जातीचं मर्म शिवाशिवीत किंवा धंद्यात नाही, ते जातीतल्या जातीत लग्न करण्यात आहे. भारतातल्या समाजात गोत्राबाहेर लग्न करायची रीत मुळात होती. त्यावर जातीतच लग्न करण्याचं बंधन लादलं गेलं आणि जात तयार झाली. एखाद्या गटाला स्वतःभोवती असं कुंपण घालायचं तर त्या गटात लग्नाच्या वयाच्या स्त्रिया आणि पुरुष यांची संख्या सतत जुळती राहिली पाहिजे. नवरा आधी मेला की एक स्त्री ‘जादा’ होते, बायको आधी मेली की एक पुरुष. जादा स्त्रीची सोय सतीने किंवा सक्तीच्या वैधव्याने लावली गेली. जादा पुरुषासाठी अजून वयात न आलेली मुलगी आणली गेली, म्हणजे बालविवाह. सती, वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींना एकाच यंत्राचे भाग म्हणून जोडून दाखवणं हे त्या निबंधाचं खरं बळ. आणि मग प्रश्न येतो की हे कुंपण सगळीकडे कसं पोचलं. वरच्यांनी दार लावून घेतलं, खालच्यांनी अनुकरण केलं. काहींनी दार बंद केलं, बाकीच्यांना ते आपल्यासाठी बंद झालेलं आढळलं.

आपल्याकडे हा निबंध वाचताना त्याच्या निष्कर्षांवर चर्चा होते, ती व्हावीच. इथे मात्र मला त्याचा सूर महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या ओंजळीत शिपायाने वरून पाणी ओतलं, तो माणूस त्या खोलीत स्वतःबद्दल एक शब्दही बोलत नाही. तो सेनार, नेसफिल्ड, रिस्ली या जातीच्या युरोपीय अभ्यासकांच्या व्याख्या एकेक करून तपासतो, कुठे चुकलं ते सांगतो आणि पुढे जातो. आणि श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्याबद्दल तो आदराने लिहितो. केतकर म्हणजे पुढे मराठी ज्ञानकोश उभा करणारे. त्यांनीही न्यूयॉर्क राज्यातल्याच कॉर्नेल विद्यापीठात जातीच्या इतिहासावर डॉक्टरेट केली होती आणि १९०९ साली ते काम पुस्तकरूपाने आलं होतं. एक चित्तपावन, एक महार. मुंबई इलाख्यात एका पंगतीला बसू न शकणारे हे दोघे मराठी विद्यार्थी अमेरिकेतल्या एका निबंधात समोरासमोर येतात. केतकरांची व्याख्या मान्य करून, तिच्यातली एक चूक दाखवून, भीमराव स्वतःचं म्हणणं त्यापुढे नेतात.

परदेशी शिक्षणातून होणारी वाढ मला इथे स्पष्ट दिसते. जे अंगावर झेललं, ते अभ्यासाचा विषय म्हणून टेबलावर ठेवता येणं आणि समोरच्यांनी ते विषय म्हणूनच ऐकणं. यासाठी दोन्ही बाजू लागतात. प्रश्न भीमरावांनी घरून नेला होता, तो कोलंबियात शिकवला जात नव्हता. पण तो मांडायला जागा, साधनं आणि निबंध कसा आहे एवढंच पाहणारे श्रोते तिथे होते. मुंबईत त्या काळी असा श्रोतृवृंद त्यांना मिळाला नसता. कोणीही ऐकताना आधी बोलणाऱ्याची जात ऐकली असती.

परतल्यावर

जून १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तिथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी शिक्षण सुरू झालं, पण शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात परतावं लागलं. वेगळ्या बोटीने पाठवलेलं सामान, त्यातल्या पुस्तकांसकट, पाणबुडीच्या हल्ल्यात बुडालं.

करारानुसार नोकरीसाठी बडोदा. राहायचं कुठे, हा प्रश्न स्टेशनवर उतरल्यावर उभा राहिला. पुढे त्यांनी यावर लिहिलं आहे: युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीव मनातून पार पुसली गेली होती. स्टेशनवर ती परत आली. एका पारशी उतारूगृहात, पारशी नाव सांगून, दिवसाला दीड रुपया भरून त्यांनी जागा मिळवली. वरच्या मजल्यावर मोडक्या सामानाने भरलेल्या दालनात, कंदिलाच्या उजेडात, एकट्याने दिवस काढले. अकराव्या दिवशी सकाळी कचेरीला निघताना हातात काठ्या घेतलेली दहा-बारा माणसं जिना चढून वर आली. संध्याकाळपर्यंत जागा सोडा, असा दम मिळाला. मग कमाठी बागेतल्या झाडाखाली बसून रात्रीच्या गाडीची वाट पाहणं. कचेरीत त्याआधीच शिपाई लांबून टेबलावर फायली फेकत होते.

हा भाग वाचताना मी दरवेळी थांबतो. परदेशी जाऊन आलेल्या मुलांना घरी परतल्यावर परकं वाटतं, त्यावर आपण हल्ली बरंच बोलतो. पण इथे माणूस वाढून परतला आणि त्याला सामावेल एवढी खोलीसुद्धा गावात नव्हती. शिक्षणाने भीमराव बदलले, बडोदा बदललं नाही. आणि तरीही एक गोष्ट निसटू देऊ नये: काठ्या घेऊन आलेले पारशी होते, तसा लिव्हिंग्स्टन हॉलमधला नवल भथेनाही पारशीच. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे कमी पडले तेव्हा, १९२० साली, अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला त्याच भथेनांनी पाच हजार रुपये उसने दिले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनीही मदत केली. लंडनची डी.एस्सी. १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाने मिळाली. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं कोलंबियातलं काम १९२५ साली ग्रंथरूपाने आलं, त्याला प्रस्तावना सेलिग्मन यांची. आणि १९२७ मध्ये कोलंबियाची पीएच.डी. रीतसर हातात पडली. न्यूयॉर्क सोडून तोवर अकरा वर्षं झाली होती. रमाबाईंनी या सगळ्या काळात परळचा संसार कसा चालवला, याची नोंद कोणत्याही विद्यापीठाच्या दप्तरात नाही, पण या प्रकरणाचा अर्धा खर्च त्यांनी भरला आहे.

शिकलेलं कुठे वापरलं हे शोधायला फार लांब जावं लागत नाही. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी निवेदन दिलं. समाजातल्या गटांमध्ये अनुभवांची देवघेव झिरपत राहिली पाहिजे, ती थांबली की समाज राहत नाही, ही त्यातली कल्पना आणि तिच्यासाठी वापरलेला शब्दही ड्युई यांचा. १९३६ साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि तिथे होऊ न दिलेल्या भाषणात ते ड्युईंचा उल्लेख ‘ज्यांचा मी फार ऋणी आहे असे माझे शिक्षक’ असा करतात. ड्युईंची वर्गात बोलायची ढब ते तीस वर्षांनीही आनंदाने करून दाखवत, ही आठवण त्यांच्या दुसऱ्या पत्नी सविताबाईंनी सांगितली आहे.

५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना सन्माननीय एलएल.डी. दिली. त्या प्रवासात ड्युईंना भेटायची त्यांना ओढ होती. पण ड्युई १ जूनलाच वारले. आपलं सगळं बौद्धिक आयुष्य त्यांचं देणं लागतं, असं त्यांनी सविताबाईंना लिहिलं.

आता

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना बाबासाहेबांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना सरकारी खर्चाने परदेशी पाठवावं ही मागणी लावून धरली. स्वतःच्या उदाहरणातून त्यांना ठाऊक होतं की साडेअकरा पौंड नसते तर बाकी काहीच नसतं. स्वातंत्र्यानंतर, १९५४-५५ मध्ये, केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती सुरू झाली. महाराष्ट्राची स्वतःची योजना राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने चालते. दरवर्षी या दोन्हींचे अर्ज भरायला मदत मागणारी मुलं भेटतात, बहुतेक त्यांच्या घराण्यातली पहिली पदवीधर. उत्पन्नाचा दाखला, जात वैधता, विद्यापीठाचा क्रमांक या कागदांच्या धावपळीतच त्यांचे सहा महिने जातात.

२०२२ च्या सुरुवातीला केंद्राच्या योजनेच्या नियमांत एक अट आली: भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास या विषयांवरच्या संशोधनाला ही शिष्यवृत्ती मिळणार नाही. असे विषय देशातच शिकता येतात, हे त्याचं समर्थन. जातीवर, भूमिहीनतेवर, आपल्या गावच्या इतिहासावर काम करू पाहणारी एखादी मुलगी मग काय करते? ती विषय बदलते. अर्जात बसेल असं काहीतरी शोधते आणि घरचा प्रश्न घरीच ठेवून जाते. ती तिथे शिकेल, पगारही मिळवेल. पण जे भीमरावांच्या बाबतीत ९ मे १९१६ ला त्या खोलीत घडलं, ते तिच्या बाबतीत घडायची वाट निघण्याआधीच बंद झालेली असते. तो निबंध आज या नियमांखाली अर्ज म्हणून आला असता तर पहिल्याच चाळणीत परत गेला असता. ही अट काढून टाकायला हवी, आणि ती मागणी परदेशी जाणाऱ्या मुलांवर न सोडता इथे राहणाऱ्या आपण करायला हवी.